दुकानाच्या नावाची नोंद नेमकी होते तरी कुठे?

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला तीन आठवडे उरले असताना, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या वहिनींना मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याकडून फराळाच्या दोनशे पाकिटांची मागणी आली. वहिनी गेली बारा-तेरा वर्षे घरी भाजणी, मेतकूट, चिवडा आणि अनारसे करून विकतात. पाकिटावर त्यांनी हौसेने ठेवलेले एक नाव असते. या लेखापुरते आपण त्याला ‘ज्ञानदा गृहउद्योग’ म्हणू. कारखान्याने निम्मी रक्कम आगाऊ दिली, आणि तीही रीतसर चेकने. पाकिटावर आणि भावपत्रकावर जे नाव होते, तेच चेकवर लिहिलेले होते. वहिनी चेक घेऊन बँकेत गेल्या आणि तासाभरात माझ्या दारात उभ्या राहिल्या. “ताई, बँक म्हणते या नावाचं खातंच नाही. मी म्हटलं, अहो, ती मीच की! तर म्हणे, तसं कुठे लिहिलंय ते दाखवा.”

बँकेतील त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे बरोबर होते. बारा वर्षे ज्या नावाने माल विकला गेला, ज्या नावाने रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत लोक वहिनींना ओळखतात, ते नाव आणि वहिनी या दोन गोष्टी एकच आहेत असे सांगणारा कागद घरात एकही नव्हता. मी बडोद्यातील छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि हा प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत इतक्या वेळा पाहिला आहे, की दुकानाच्या नावाची नोंद म्हणजे काय, ती कुठे होते आणि तिच्यामुळे काय मिळते व काय मिळत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी मुळाशी जाऊ. एकटा माणूस स्वतःच्या भांडवलावर व्यवसाय करतो, तेव्हा त्याला आपण प्रोप्रायटरशिप म्हणजे एकल मालकी म्हणतो. या प्रकारात व्यवसायाला मालकाहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्व नसते. पॅन मालकाचा, कर्ज मालकाचे, नफा मालकाचा आणि देणेही मालकाचेच. पॅनवर जे नाव असते ते त्या व्यवसायाचे कायदेशीर नाव, आणि पाटीवर, बिलावर किंवा पाकिटावर जे दुसरे नाव झळकते ते व्यापारी नाव, म्हणजेच ट्रेड नेम. व्यापारी नाव ठेवायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही, मात्र ते नाव म्हणजे एखादी वेगळी व्यक्ती नव्हे. ते मालकाचेच दुसरे नाव आहे. कोर्टात हा फरक फार स्पष्ट दिसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३०व्या आदेशातील १०व्या नियमानुसार, दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्या माणसावर त्या व्यापारी नावाने दावा लावता येतो, पण त्याला स्वतःला कोणावर दावा लावायचा असेल तर तो आपल्या खऱ्या नावानेच लावावा लागतो. म्हणजे ज्यांचे तुम्ही देणे लागता त्यांनी पाटीवरचे नाव वाचून तुम्हाला कोर्टात खेचले तर चालते, परंतु थकलेली उधारी वसूल करायला निघालात, तर अर्जावर तुमचे स्वतःचे नाव आणि त्यापुढे ‘अमुक नावाने व्यवसाय करणारे’ असे लिहावे लागते.

यानंतर स्वाभाविकपणे पडणारा प्रश्न असा, की हे दुसरे नाव नोंदवायचे कुठे. बडोद्यात जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी अमेरिकेत असते आणि तिकडून फोनवर सल्ला येतो की ‘डीबीए’ (डुइंग बिझनेस अ‍ॅज), म्हणजे दुसऱ्या नावाने धंदा करत असल्याची नोंद, करून टाका. तिकडे ती पद्धत खरोखरच आहे. टेक्सासमध्ये एकट्या मालकाला दुसऱ्या नावाने धंदा करायचा असेल, तर काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कारकुनाकडे तसे प्रमाणपत्र दाखल करावे लागते. कॅलिफोर्नियात ते नाव वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा असे सलग चार आठवडे छापून आणावे लागते आणि ती नोंद पाच वर्षांनी संपते. त्यामागचा विचार सरळ आहे: पाटीमागचा माणूस कोण, हे कोणालाही एका ठिकाणी शोधता आले पाहिजे.

आपल्याकडे एकल मालकाच्या व्यापारी नावासाठी असे एकच नोंदणी-दप्तर नाही. हे वाक्य मी अशिलांना नेहमी दोनदा सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ ते लक्षात न घेतल्यामुळे होतो. भारतात व्यापारी नाव ‘नोंदवले’ जात नाही. ते वेगवेगळ्या कारणांसाठी असलेल्या वेगवेगळ्या नोंदींमध्ये ‘लिहिले’ जाते. दुकानाची नोंद कामगारांच्या हितासाठी, जीएसटीची करासाठी, अन्नपदार्थांची ग्राहकांच्या आरोग्यासाठी. नावाचा रकाना या प्रत्येक अर्जात असतो, पण तो प्रत्येक ठिकाणी आनुषंगिक असतो. अशा दोन-तीन कागदांवर एकच नाव एकाच मालकाच्या नावाशेजारी लिहिलेले असले, की त्या दोघांचे नाते व्यवहारात सिद्ध झाले असे मानले जाते.

गुजरातेत ज्याला सगळे ‘गुमास्ताधारा’ म्हणतात, तो दुकाने व आस्थापनांचा कायदा. त्याचे नवे रूप २०१९ सालचे असून ते त्या वर्षीच्या १ मेपासून लागू झाले. माणसे कमी असलेल्या छोट्या दुकानाला त्यात पूर्ण नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन माहिती द्यावी लागते आणि त्याची पोच मिळते. बडोद्यात हे काम महानगर सेवासदनाकडे, म्हणजे खंडेराव मार्केटच्या इमारतीत मुख्य कचेरी असलेल्या आपल्या पालिकेकडे असते. त्या पोचपावतीवर आस्थापनेचे नाव आणि मालकाचे नाव शेजारी शेजारी येते. पावती लहान असली, तरी तिचे वजन मोठे आहे.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी आहे. ती आधार आणि पॅनवर होते आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी अनेक खासगी संकेतस्थळे याच कामासाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात, म्हणून पत्ता नीट वाचूनच अर्ज भरावा. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक मिळतो, मात्र त्याखाली कितीही प्रकारची कामे नोंदवता येतात. खाद्यपदार्थ करणाऱ्यांना यांखेरीज अन्नसुरक्षा नोंदणी लागते. पाकिटावर दिसणारा १४ आकडी क्रमांक तो हाच. वहिनींकडे हा क्रमांक होता, परंतु अर्ज भरताना त्यांनी व्यवसायाच्या नावाच्या रकान्यातही स्वतःचेच नाव लिहिले होते. एका रकान्याची ती चूक बारा वर्षांनी चेकच्या रूपाने समोर आली.

बँकेत चालू खाते उघडायचे झाले, की या कागदांचा खरा उपयोग कळतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, निर्देशांनुसार एकल मालकीच्या व्यवसायाचे खाते उघडताना मालकाच्या ओळखीच्या कागदांबरोबर व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे द्यावे लागतात. गुमास्ताधाऱ्याचे किंवा उद्यमचे प्रमाणपत्र, जीएसटीचे प्रमाणपत्र, व्यवसायाच्या नावाने आलेले वीजबिल, आयात-निर्यात क्रमांक, आयकराचे विवरणपत्र यांपैकी कोणतेही दोन चालतात. दोन कागद मिळणे शक्य नाही अशी बँकेची खात्री पटली, तर प्रत्यक्ष जागेची पडताळणी करून ती एका कागदावरही खाते उघडू शकते, पण तो निर्णय बँकेचा असतो. खाते उघडल्यावर नाव ‘ज्ञानदा गृहउद्योग, प्रोप्रायटर अमुक’ असे पडते आणि सही शिक्क्यासह करावी लागते. त्यानंतरच त्या नावाचा चेक जमा होतो.

आता त्या भागाकडे वळते, जिथे बडोद्यातील मराठी माणसाची विशेष अडचण होते. आपली नावे तीन लिप्यांतून प्रवास करतात. घरात देवनागरी, पाटीवर गुजराती आणि अर्जात रोमन. ‘ज्ञ’ हे अक्षर घ्या. मराठी माणूस ते रोमनमध्ये ‘डी-एन-वाय’ असे लिहितो, गुजराती कारकून ‘जी-एन’ लिहितो आणि हिंदी वळणाचा टंकलेखक ‘जी-वाय’ लिहितो. तिघेही आपापल्या उच्चाराप्रमाणे बरोबरच असतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे होतात. वहिनींचे कागद करताना मी पावतीवर ‘जी-एन’ पाहिले, उद्यमवर वहिनींच्या मुलाने ‘डी-एन-वाय’ भरलेले पाहिले, आणि बँकेने दोन्ही कागद परत केले. शेवटी पावतीतील नाव दुरुस्त करून घेतले, त्यात आणखी नऊ दिवस गेले.

हीच गोष्ट मालकाच्या नावाचीही आहे. गुजरातेतील कागदांवर आडनाव आधी आणि मग स्वतःचे व वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव अशी पद्धत सर्रास आढळते, तर पॅनवर क्रम वेगळा असतो. शाळेच्या दाखल्यावर किंवा रेशनकार्डावर कोणीतरी आदराने ‘बेन’ किंवा ‘भाई’ जोडलेले असते आणि ते पुढे आधारकार्डावरही उतरते, म्हणजे घरची सुनीता कागदावर सुनीताबेन होते. लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर नवे आणि दुसऱ्यावर जुने राहते. म्हणून माझा आग्रह असा असतो, की व्यवसायाचे पहिले अक्षर कुठेही भरण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात: पॅनवर आहे तसे मालकाचे नाव आणि ठरवलेल्या स्पेलिंगमध्ये व्यवसायाचे नाव. बिंदू, जागा, ‘अँड’ पूर्ण लिहायचे की चिन्हाने, हेही त्यातच ठरवावे. तो कागद पाकिटात ठेवून प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक संगणकासमोर त्यातूनच नाव उतरवावे. ऐकून घेऊन टंकणाऱ्याला नाव तोंडी सांगू नये.

जीएसटीची नोंद ज्यांना लागते त्यांच्यासाठी नावाचा मामला थोडा अधिक शिस्तीचा आहे. नोंदणीच्या अर्जात कायदेशीर नाव पॅनवरून आपोआप येते आणि ते बदलता येत नाही. त्याखाली व्यापारी नावाचा रकाना असतो. पुढे व्यापारी नाव बदलले, तर बदल झाल्यापासून १५ दिवसांच्या आत आरईजी-१४ या नमुन्यात दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. नावातील बदल हा मुख्य माहितीतील बदल मानला जातो, म्हणून त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागते; मात्र अधिकाऱ्याने १५ कामकाजी दिवसांत काहीच हालचाल केली नाही, तर दुरुस्ती मंजूर झाली असे नियम मानतो. नव्या नावाचे प्रमाणपत्र हाती आले, की ते दुकानात सहज दिसेल असे लावावे लागते आणि प्रवेशद्वाराच्या पाटीवर जीएसटी क्रमांक असावा लागतो. पाटी रंगवणाऱ्याला आधी बोलावून मग अर्ज भरणारे लोक मी पाहिले आहेत. क्रम उलटा ठेवावा.

एकाच माणसाला दोन नावांनी व्यवसाय करायचा असेल तर काय, हा प्रश्न अलीकडे फार येतो. घरगुती फराळ एका नावाने चालतो, आणि सुनेला त्याच स्वयंपाकघरातून केकचा व्यवसाय दुसऱ्या, जरा आधुनिक नावाने सुरू करायचा असतो. व्यवसाय सुनेच्या पॅनवर असेल तर तो सर्वस्वी वेगळा. परंतु मालक एकच असेल, तर जीएसटीच्या त्याच क्रमांकाखाली अतिरिक्त व्यापारी नाव जोडण्याची सोय संकेतस्थळावर आहे, तीही दुरुस्तीच्या अर्जातूनच. नवी नोंदणी घ्यावी लागत नाही. बिलांसाठी नियम असा आहे, की प्रत्येक बिलाला सलग अनुक्रमांक असावा, तो १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. पण एकाहून अधिक मालिका ठेवायला परवानगी आहे. त्यामुळे फराळाच्या बिलांना ‘एफ’ आणि केकच्या बिलांना ‘के’ अशी दोन अक्षरे आधी लावून दोन बिलबुके स्वच्छपणे चालवता येतात. दोन्ही बिलांवर जीएसटी क्रमांक मात्र तोच, आणि व्यापारी नावाखाली मालकाचे नाव छापलेले असणे केव्हाही चांगले.

इथे एक गैरसमज मोठा आहे आणि त्याची किंमतही मोठी मोजावी लागते. दोन नावे म्हणजे दोन मर्यादा, असे अनेकांना वाटते. केवळ मालाची विक्री करणाऱ्यांना गुजरातेत वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण ही उलाढाल नावाप्रमाणे नव्हे, पॅनप्रमाणे मोजली जाते. पंचवीस लाखांचे किराणा दुकान एका नावाने आणि वीस लाखांचे फरसाण दुसऱ्या नावाने, अशी विभागणी केली तरी एकूण पंचेचाळीस लाख होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. आयकरातही दोन्हींचा नफा एकाच माणसाच्या विवरणपत्रात एकत्र येतो.

इतके सगळे कागद झाले, की माणूस निर्धास्त होतो आणि समजतो की आता हे नाव आपले झाले. खरी अडचण इथेच सुरू होते. यांतला कोणताही कागद नावावर हक्क देत नाही. सेवासदनाचा कर्मचारी हे नाव शहराच्या मांडवी भागात आणखी कोणाचे आहे का, हे तपासत नाही; जीएसटीत एकाच व्यापारी नावाची अनेक दुकाने सापडतात. नावावरचा हक्क दोनच वाटांनी येतो: सातत्याने प्रामाणिकपणे वापरून कमावलेल्या लौकिकातून आणि ट्रेडमार्कच्या, म्हणजे मालाची ओळख सांगणाऱ्या नावाच्या किंवा चिन्हाच्या, नोंदणीतून.

पहिल्या वाटेचे फार चांगले उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. अहमदाबादेतील ‘मुक्तजीवन’ नावाच्या फोटोच्या कलर लॅबच्या मालकाला कळले, की दुसरा एक स्टुडिओ आपले जुने नाव सोडून हेच नाव घेणार आहे. त्याने मनाई मागितली. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने ती दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने मनाई दिली. एखादा माणूस ज्या व्यापारी नावाने माल विकतो किंवा सेवा देतो, त्या नावाशी कालांतराने लौकिक जोडला जातो, तो लौकिक ही त्याची मालमत्ता ठरते आणि न्यायालय तिचे रक्षण करते, असे त्या निकालात म्हटले आहे. नाव नोंदलेले नसतानाही हा हक्क मिळतो. मात्र तो सिद्ध करायला नाव केव्हापासून वापरले, किती वापरले आणि लोक त्या नावाने कोणाला ओळखतात, याचे पुरावे हवेत. एका फोटो लॅबला त्यासाठी तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी वाट सोपी आहे आणि लहान माणसाला परवडणारी आहे. ट्रेड मार्क्स अधिनियम १९९९ सालचा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग पाडलेले आहेत आणि अर्ज वर्गाप्रमाणे करायचा असतो. लोणची २९व्या वर्गात येतात. मसाले, पिठे आणि बेकरीचे पदार्थ ३०व्या वर्गात. खानावळ आणि केटरिंग ४३व्या वर्गात. टीएम-ए नावाचा नमुना ऑनलाइन भरल्यास व्यक्तीसाठी किंवा लघुउद्योगासाठी शुल्क एका वर्गाला ४५०० रुपये आहे. गुजरातेतील अर्ज अहमदाबादच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण त्यासाठी अहमदाबादला खेटे घालावे लागत नाहीत. एकल मालकीत अर्जदार म्हणून माणसाचेच नाव लागते आणि ‘अमुक नावाने व्यवसाय करणारे’ असा उल्लेख जोडता येतो.

अर्ज करण्यापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे. केवळ अक्षरे जुळतात का हे पाहून थांबू नये, उच्चाराने जवळ जाणारी नावेही पाहावीत, कारण कार्यालय तसेच पाहते. मगाशी सांगितलेल्या ‘ज्ञ’ची तिन्ही स्पेलिंगे टाकून पाहायला हवीत. अर्जानंतर परीक्षकाचा अहवाल येतो आणि त्यात आक्षेप असतील तर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझ्या पाहण्यातले कितीतरी अर्ज नाव वाईट होते म्हणून नव्हे, तर तो ईमेल कोणी उघडलाच नाही म्हणून बाद झाले आहेत. उत्तर मान्य झाल्यावर नाव ट्रेडमार्कच्या नियतकालिकात प्रसिद्ध होते, त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि हरकत नसेल तर नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते आणि पुढे पुन्हा पुन्हा वाढवता येते. ‘टीएम’ ही अक्षरे नावापुढे केव्हाही लावता येतात, पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावायचा असतो. त्याआधी लावणे हे कायद्याने निषिद्ध आहे.

नोंदणीकृत नाव त्याच प्रकारच्या मालासाठी दुसऱ्याने आपल्या दुकानाचे नाव म्हणून वापरले, तर तोही ट्रेडमार्क कायद्याच्या २९व्या कलमाप्रमाणे हक्कभंग ठरतो. उलट, एखाद्याने तुमच्या नावाची नोंदणी करून घेतली, तरी तुम्ही त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या आधीपासून ते नाव सलग वापरत असाल, तर ३४वे कलम तुमचा वापर राखते. कोणी तुम्हाला नोटीस पाठवली तर घाबरून पाटी उतरवण्यापूर्वी जुनी बिले शोधावीत.

प्रत्येक नाव नोंदणीला योग्य नसते. ‘ताजा चिवडा’ किंवा ‘बडोदा फरसाण’ यांसारखी नावे मालाचे किंवा गावाचे केवळ वर्णन करतात. ती कोणा एकाला देणे कायदा साधारणपणे नाकारतो. देवांची आणि पुराणांतील नावे आपल्याला प्रिय असतात, पण त्यांवर एकाची मक्तेदारी मिळणे अवघड आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाची नोंदणी मान्य केली नाही. मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र आणि ‘शिवाजी’ हा शब्दसुद्धा आहे. केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. कितीही भक्तिभावाने ठेवले, तरी ते नाव मसाल्याच्या पाकिटावर घालू नये. स्वतःचे आडनाव प्रामाणिकपणे वापरायला मात्र ट्रेडमार्क कायद्याचे ३५वे कलम मुभा देते. आणि कंपनी नसताना पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिणे हा कंपनी कायद्याच्या ४५३व्या कलमाखाली गुन्हा आहे. तिथे दंड दिवसाला ५०० ते २००० रुपये असा मोजला जातो.

भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मचे नाव निबंधकाकडे नोंदवता येते आणि ते बदलल्यास तिथे कळवावे लागते. कंपनी आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, यांची नावे केंद्राच्या कंपनी खात्याकडे तपासली जातात. त्या वाटा वेगळ्या आहेत. या लेखाचा रोख एकट्या मालकावर आहे.

आणि एकट्या मालकाच्या बाबतीत एक बोलायला जड, पण आवश्यक गोष्ट राहते. मालक गेला, की त्याच्या पॅनवर उभे असलेले बहुतेक कागद त्याच्याबरोबर थांबतात. मुलगा त्याच दुकानात, त्याच पाटीखाली बसतो, परंतु त्याला आपल्या पॅनवर जीएसटीची नवी नोंदणी आणि नवे बँक खाते घ्यावे लागते, आणि अन्नसुरक्षा नोंदणी अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावी लागते. न्यायमंदिराच्या मागच्या गल्लीत एका दुकानात वडिलांच्या निधनानंतर सात महिने जुन्याच क्रमांकाने बिले फाडली जात होती. ती निस्तरायला दोन वर्षे लागली. यांत अपवाद आहे तो ट्रेडमार्कचा. तो मालमत्ता असल्यामुळे मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने पुढे जातो, आणि टीएम-पी या नमुन्यात अर्ज करून वारसाचे नाव दप्तरात चढवता येते. घरच्या मृत्युपत्रात घर, दागिने, ठेवी यांची यादी करताना दुकानाच्या नावाची एक ओळ लिहिणारे लोक मला अजून फारसे भेटलेले नाहीत.

वहिनींच्या चेकचे शेवटी असे झाले, की चालू खाते वेळेत उघडले नाही म्हणून कारखान्याने तो बदलून त्यांच्या स्वतःच्या नावाने दिला, तोही भाऊबीज उलटून गेल्यावर. तोवर तूप, साखर आणि पोहे उधारीवर आणून त्यांनी दोनशे पाकिटे पूर्ण केली होती. पुढच्या वर्षात आम्ही गुमास्ताधाऱ्याची पावती, उद्यम, अन्नसुरक्षा आणि बँक या चारही ठिकाणी नाव एकाच स्पेलिंगमध्ये आणले, आणि गेल्या महिन्यात ३०व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज केला. त्यात नावाचा वापर केव्हापासून आहे, हे शपथपत्रासह सांगायचे असते. वहिनी माळ्यावर चढल्या आणि मेतकुटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक पातळ बिलबुक घेऊन खाली आल्या. कार्बनची निळी अक्षरे अर्धवट उडालेली होती, पण पहिल्या पानावर हाताने लिहिलेले नाव, ‘भाजणी २ किलो’ आणि २०१२ च्या श्रावणातली एक तारीख वाचता येत होती. अर्जाच्या रकान्यात आम्ही तीच तारीख भरली.